कावेरीकाठच्या मराठीला स्वतःचे पान हवे

तंजावर, कुंभकोणम, मन्नारगुडी, तिरुवैयारू आणि त्यांच्या आसपासच्या गावांत साडेतीनशे वर्षे मराठी बोलली जाते आहे. व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले, १८५५ मध्ये राज्य संपले. घरातली भाषा मात्र टिकली. आज ती स्वयंपाकघरात, देवघरात आणि लग्नकार्यात ऐकू येते. शाळेत तिला जागा नाही, तिचे वर्तमानपत्र नाही, आणि शिक्षण तमिळ व इंग्रजीत झाल्यामुळे ती बोलणाऱ्या अनेकांना देवनागरी वाचता येत नाही. या भाषेसाठी काय करावे असा विषय महाराष्ट्रात निघाला की उत्तरे ठरलेली असतात: संमेलन, सत्कार, एखादा माहितीपट. त्यांना माझा विरोध नाही, पण त्याआधी करण्याजोगे एक काम आहे. या गावांतल्या तरुण मुलामुलींना स्वतःचा ब्लॉग उभारायला आणि तो आपल्या भाषेच्या मापाने बेतायला शिकवले पाहिजे. त्यांच्यासाठी कुणी पुण्या-मुंबईहून संकेतस्थळ बांधून देण्यात काही हशील नाही. बांधणे त्यांना स्वतःला आले पाहिजे.

असे म्हणायला याच प्रदेशाच्या इतिहासात भक्कम आधार आहे. कावेरीच्या मुखाजवळच्या तरंगमबाडीत डॅनिश वखारीतल्या मिशनऱ्यांनी १७१२-१३ मध्ये छापखाना उभा केला, तेव्हा तंजावरच्या गादीवर भोसलेच होते. तमिळ खिळे जर्मनीतल्या हाले गावी ओतून आणले गेले, पण ते इतके मोठे निघाले की पुस्तकासाठी कागद पुरेना. मग तरंगमबाडीतच लहान आकाराचे खिळे ओतले गेले, तेव्हा कुठे तमिळ नवा करार पुरा छापून झाला. परगावाहून आलेला साचा जसाच्या तसा चालत नाही, तो स्थानिक हातांनी घासूनपुसून घ्यावा लागतो, हे तिथे तीनशे वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे. पुढे सरफोजीराजे दुसरे यांच्या वाट्याला १७९९ च्या तहानंतर किल्ला आणि तनखा एवढेच उरले. तरी त्यांनी १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आणि १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना घातला. इसापनीतीचे मराठी रूप असलेली ‘बालबोध मुक्तावली’ त्याच छापखान्यातली. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ मुंबईत निघाले ते १८३२ मध्ये, म्हणजे जवळजवळ पाव शतकानंतर. मराठी मुद्रणाच्या इतिहासात तंजावरचे हे पान मानाचे आहे. पण तो छापखाना राजाचा होता. काय छापायचे ते दरबार ठरवीत असे, आणि खिळे जुळवण्याची विद्या मन्नारगुडीच्या किंवा ओरत्तनाडूच्या मराठी घरापर्यंत कधी पोचली नाही.

त्याचा परिणाम आज स्पष्ट दिसतो. सरस्वती महाल ग्रंथालयात तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत, मोडी कागदांची दप्तरे आहेत, तंजावरच्या शहाजीराजांच्या काळातली मराठी नाटके आहेत. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातले ‘शरभेंद्र पाकशास्त्र’सुद्धा जपले गेले. गावातल्या घरी डांगर पच्चडी कशी करतात, मंगळागौरीला कोणती गाणी म्हणतात, सुनेला सासू कोणत्या शब्दांत हाक मारते, हे मात्र फारसे कुणी लिहून ठेवले नाही, कारण ज्यांना ते माहीत होते त्यांच्या हाती लेखणीपलीकडचे काही साधन नव्हते. ग्रंथालयाने जपले ते अनमोल आहे, पण ते दरबाराचे, पंडितांचे आणि मठांचे. बोलती भाषा ज्यांच्या तोंडी आहे त्यांनीच ती नोंदवायची, तर प्रकाशनाचे साधनही त्यांच्याच हाती असावे लागेल.

ब्लॉग बेतणे म्हणजे रंग बदलणे आणि वर एक सुंदर चित्र लावणे, असा समज आहे. तंजावरच्या मराठीच्या बाबतीत तो अगदी चुकीचा ठरतो. तिथली मंडळी मराठी लिहितात तेव्हा पुष्कळदा तमिळ लिपीत लिहितात. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारींसाठी एकच अक्षर आहे. त्यामुळे काय, खाय आणि गाय हे तिन्ही शब्द कागदावर एकसारखेच दिसतात. तमिळ लिपीतल्या स्तोत्रांच्या पुस्तकांनी यावर जुना तोडगा काढलेला आहे: अक्षराच्या खांद्यावर बारीक २, ३, ४ असे आकडे. आता असे पान डोळ्यांसमोर आणा की ज्यात वरच्या ओळीत तमिळ लिपीतली मराठी आहे, तिच्यावर ते बारीक आकडे आहेत, खाली तीच ओळ देवनागरीत आहे आणि शेजारच्या बटणावर बोट ठेवले की आजीच्या आवाजात ती ऐकू येते. तयार साच्यात ही सोय नसते. ती करून घ्यायला पानाचा सांगाडा उघडून त्यात दोन-चार ओळी घालाव्या लागतात, आणि त्या ओळी दहावी झालेल्या मुलीला आठवडाभरात शिकता येतात. टंक निवडणे हाही याच कामाचा भाग. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेल्या ‘मुक्ता’ टंकाचे देवनागरी आणि तमिळ (‘मुक्ता मलर’) असे दोन्ही अवतार मोफत मिळतात. ते एका वळणाचे आहेत, त्यामुळे दोन्ही लिप्या एका पानावर गुण्यागोविंदाने नांदतात. बहुतेक तयार साचे रोमन अक्षरांच्या मापाने केलेले असतात, म्हणून वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. ओळींमधले अंतर वाढवले की पान वाचनीय होते. पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद त्याच्या मुळात केली, तर ज्या टंकांत तशी सोय आहे त्यांत ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाने उमटतात, आणि अंधांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या यंत्रालाही कोणत्या भाषेत बोलायचे ते कळते. या बारीकसारीक गोष्टी आहेत खऱ्या, पण भाषा पानावर स्वतःच्या रूपात दिसते की दुसऱ्याच्या, ते यांच्यावरच ठरते.

इतका खटाटोप कशाला, सगळे तर व्हॉट्सअ‍ॅपवर आणि फेसबुकवर आहेतच, असे कुणी म्हणेल. आहेत, आणि त्यांनी तिथे जरूर राहावे. नातलगांना जोडायला त्यासारखे साधन नाही. पण जपून ठेवण्याची जागा ती नव्हे. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले, ऑर्कुट २०१४ मध्ये, गूगल प्लस २०१९ मध्ये, याहू ग्रुप्स २०२० मध्ये. ऑर्कुटवर मराठी माणसे किती लिहीत होती ते त्या पिढीला आठवत असेल. त्यातले आज काय हाताला लागते? गटातला संदेश चार दिवसांत वर सरकतो, फोन बदलला की जातो, आणि शोधयंत्राला तर तो कधी दिसतच नाही. याउलट २००७-०८ च्या सुमारास युनिकोडमध्ये लिहिलेले कितीतरी मराठी ब्लॉग आजही जसेच्या तसे उघडतात. लिहिणारे केव्हाच थांबले, तरी मजकूर वाचता येतो. त्याआधी खास टंकांत बांधलेली अनेक मराठी संकेतस्थळे आता अक्षरांचा चिखल होऊन बसली आहेत. साधन कोणते निवडले यावर मजकुराचे आयुष्य ठरते, आणि निवडायला जाण लागते. मोफत ब्लॉगसुद्धा शेवटी एखाद्या कंपनीच्याच जागेवर असतो हे खरे. म्हणूनच सगळे लेखन एका फाइलीत उतरवून दुसरीकडे हलवायचे कसे, हे पहिल्या दिवशी शिकवायला हवे. २००३ पासून मोफत मिळणाऱ्या वर्डप्रेसमध्ये ही सोय आहे, ब्लॉगरमध्येही आहे.

याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे. स्वतःच्या नावाचा पत्ता घेतला की दरवर्षी पैसे भरावे लागतात. मुलगी नोकरीसाठी चेन्नईला किंवा अमेरिकेला गेली, नूतनीकरण राहिले, की पान गायब. उत्साहाने सुरू केलेल्या अशा कितीतरी जागा ओस पडल्या आहेत, हे मान्यच करायला हवे. माझ्या मते यावर उपाय सामाजिक आहे, तांत्रिक नाही. पत्ता एकाच्या नावे असू नये, किल्ली किमान तीन घरांत असावी, पानांची नोंद इंटरनेट अर्काइव्हमध्ये करून ठेवावी, आणि वर्षातून एकदा सगळा मजकूर छापून त्याची बांधीव प्रत सरस्वती महाल ग्रंथालयाला द्यावी. वर्षाचा खर्च एका घरगुती सत्यनारायणाहून कमी आहे. ज्या कुटुंबांनी कुलाचार पिढ्यान्‌पिढ्या चालवले, त्यांना ही जबाबदारी वाटून घेणे जड नाही.

आणखी एक शंका महाराष्ट्रातूनच येईल: ही मराठी शुद्ध कुठे आहे, तिच्यात तमिळ किती मिसळले आहे! ही शंका मला मुळीच पटत नाही. शहाजीराजांचा दरबार मराठी, तेलुगू, तमिळ आणि संस्कृत यांत एकाच वेळी नांदत होता. तिथल्या मराठीने शेजाऱ्यांकडून शब्द घेतले, त्यात तिचे वैभव आहे. प्रमाणभाषेचा तपासनीस बसलेल्या मासिकात ती भाषा छापली जाणार नाही, किंवा छापली तर दुरुस्त करून. स्वतःच्या ब्लॉगवर ती दुरुस्त करणारा कुणी नसेल. वाचणार कोण, या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. चेन्नई, बंगळूर, सिंगापूर, न्यू जर्सी इथे पांगलेल्या याच घरांच्या मुलांना आपली भाषा कुठे तरी लिहिलेली सापडायला हवी आहे, आणि भाषेच्या अभ्यासकांना तर असा मजकूर क्वचितच मिळतो. वाचक दोनशे असले तरी लिहिण्याचे सार्थक आहे.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने जे काही खर्च होईल, त्यातला एक लहानसा वाटा कावेरीकाठी जायला हवा. राज्य मराठी विकास संस्थेने तंजावरच्या तमिळ विद्यापीठाला सोबत घेऊन कुंभकोणम आणि मन्नारगुडी इथे पाच-पाच दिवसांच्या कार्यशाळा घ्याव्यात. व्यासपीठ आणि हारतुरे नकोत. वीस संगणक, दोन शिक्षक, आवाज नोंदवायला एक चांगला ध्वनिग्राहक, आणि प्रत्येक मुलाबरोबर घरातले एक वडीलधारे माणूस, एवढे पुरे. शिकवणे तमिळमधून व्हावे, लिहिणे त्यांच्या मराठीत. येत्या २७ फेब्रुवारीच्या, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनाच्या, आत अशी पहिली कार्यशाळा व्हावी, अशी संस्थेला विनंती आहे. आणि ज्या वाचकांचे नातलग त्या गावांत आहेत, त्यांनी त्यासाठी संस्थेकडे पाठपुरावा करावा.