गिरगावातील शाळकरी मुले आणि धर्मांतराचे खटले : १८३९–१८५४

१/ दिनांक १ मे १८३९. मुंबईत धनजीभाई नवरोजी या सोळा-सतरा वर्षांच्या पारशी मुलाने बाप्तिस्मा घेतला. चारच दिवसांनी त्याच्याहून थोडा मोठा असलेला होरमसजी पेस्तनजी त्याच मार्गाने गेला. दोघेही स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेचे विद्यार्थी. गिरगावातील ‘आंब्रोली’ हे विल्सन यांच्या मिशनचे ठाणे होते.

२/ पारशी समाज हादरला. नातलगांनी सर्वोच्च न्यायालयात (त्या काळी मुंबईत ‘सुप्रीम कोर्ट’ होते) बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला. मुलगा मिशनऱ्यांच्या कैदेत आहे की स्वेच्छेने राहतो आहे, एवढाच न्यायालयापुढील प्रश्न. त्याला हवे तिकडे जाण्याची मोकळीक मिळाली आणि तो विल्सन यांच्याकडेच परतला. पारशी मुले त्या शाळेतून भराभर काढून घेण्यात आली.

३/ येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ख्रिस्ती धर्म मुंबईला १८३९ मध्ये नवा नव्हता. दादरचे पोर्तुगीज चर्च १५९६ चे; मराठी बोलणारी कॅथलिक कुटुंबे या बेटांवर पिढ्यानपिढ्या नांदत होती. मात्र त्या कुटुंबांत धर्म जन्माने येई. घरच्यांना डावलून एका विद्यार्थ्याने पुस्तके वाचून, वाद घालून, एकट्याने धर्म निवडावा, हा प्रकार नवा होता. खळबळ माजली ती या एकटेपणामुळे.

४/ दुसरा प्रसंग अधिक विदारक आहे. सप्टेंबर १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अवघा बारा वर्षांचा. तोही मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्या घरी राहू लागला होता. वडिलांनी न्यायालय गाठले. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी मुलाचा ताबा वडिलांकडे दिला.

५/ दोन्ही खटल्यांत कायद्याला पुरेसा आधार होता. सोळा-सतराव्या वर्षी मुलाला स्वतःचे बरेवाईट कळते, बाराव्या वर्षी कळत नाही, ही सीमारेषा आजही बहुतेकांना पटेल. तथापि न्यायालयाने मोजले ते वय. मुलाच्या मनात नेमके काय घडले, हे मोजण्याचे साधन न्यायालयाकडे नव्हते, आणि ते जाणून घेण्याची उत्सुकता बाहेर कोणालाच नव्हती. एका पक्षाला ‘फूस लावलेले पोर’ हवे होते, दुसऱ्याला ‘सत्याचा साक्षीदार’.

६/ श्रीपत घरी आला, पण घरात घेता येईना! त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. मात्र तो ख्रिस्ती घरात राहिला-जेवला होता, म्हणून तो पतित. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत परत घ्यावे या मताचे. त्यांनी ही बाजू उघडपणे उचलून धरली आणि सनातन्यांचा रोष व बहिष्कार ओढवून घेतला. जो समाज मूल परत मिळावे म्हणून न्यायालयाची पायरी चढला, त्यातीलच मोठा वर्ग ते परत मिळाल्यावर दार लावून उभा राहिला.

७/ या प्रकरणाचे खरे मर्म येथे आहे. पंधरा-सोळाव्या वर्षीची श्रद्धा उत्कट असते, तशी ती बदलतेही. परंतु त्या मुंबईत हा निर्णय एकदाच घेता येई. ख्रिस्ती घरातील एका जेवणाने घर, जात, सोयरीक सारे संपे. मिशनऱ्यांनी मुलांना अडकवून ठेवले, असा आरोप तेव्हाही झाला आणि आजही होतो. ते मुलांवर प्रभाव टाकत होते, शाळा त्याच हेतूने काढलेल्या होत्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र परतीची वाट बंद करण्याचे श्रेय त्यांना देता येत नाही. ते बाळशास्त्रींच्या विरोधकांचे.

८/ मालमत्तेचीही बाब होती. धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क बुडू नये, ही बंगालमध्ये १८३२ पासून असलेली तरतूद १८५० च्या २१ व्या कायद्याने कंपनीच्या सर्व मुलखाला लागू झाली. धनजीभाई आणि शेषाद्री बंधू यांच्या वेळी मुंबईत हे संरक्षण नव्हते. त्यामुळे ‘लोभापायी धर्म सोडला’ हा ठरावीक आक्षेप निदान या मुलांना सरसकट लावता येत नाही.

९/ मनात काय घडते, याचे दर्शन हवे असेल तर बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ (१८८४) हे आत्मचरित्र वाचावे. जन्म बेळगावचा, १८३१ चा; जात कासार. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर ते मुंबईतील फ्री चर्चच्या शाळेत आले. बायबल वाचले, पण लगेच ख्रिस्ती झाले नाहीत. मध्ये परमहंस मंडळीत शिरले. ही जातिभेद न मानणाऱ्यांची गुप्त सभा. परधर्मीयाच्या हातचा पाव खाणे ही तिथल्या प्रवेशाची खूण. गुप्तपणे पाव खाणारे आणि उजेडात सोवळे पाळणारे सुधारक त्यांनी जवळून पाहिले.

१०/ अखेर १८५४ मध्ये, तेविसाव्या वर्षी, बेळगावात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे शाळेत पडलेल्या बीजाला अंकुर फुटायला कित्येक वर्षे लागली. मध्ये शंका, घरच्यांची माया, लोकांची भीती, सर्व होते. एका व्याख्यानाने भारावून धर्म बदलणारा मुलगा, हे जे चित्र दोन्ही बाजूंनी रंगवले जाते, त्यात पदमनजी कोठेच बसत नाहीत. दुसरे असे की, त्यांच्या शंका केवळ मोक्षाच्या नव्हत्या. विधवांची स्थिती हा विषय त्यांनी लगोलग, १८५७ मध्ये, ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीत मांडला. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो.

११/ धनजीभाई १८४३ मध्ये विल्सन यांच्यासोबत स्कॉटलंडला गेले, १८४६ मध्ये पाळक म्हणून दीक्षित झाले आणि १९०८ मध्ये वारले. नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वस्ती उभारली. १८३९ आणि १८४३ मध्ये ‘मुलांना काय कळते’ असे ज्यांच्याविषयी म्हटले गेले, त्यांतील हे दोघे तो निर्णय हयातभर निभावून गेले. श्रीपतला मात्र बाराव्या वर्षी न्यायालयाने एकीकडे ढकलले आणि धर्मपंडितांनी दुसरीकडे. त्याच्यावर वाद घालणाऱ्यांची नावे इतिहासात ठळक आहेत. त्याचे नाव येते ते ‘प्रकरण’ म्हणून.