वाचनालयाची खोली आणि हुमणी



काल वळवाचा चांगला पाऊस झाला. म्हणजे हुमणीचे भुंगेरे आता जमिनीतून वर येणार. त्याचं शेवटी सांगतो, आधी ग्रामसभेतलं सांगतो. दोन्हीचा संबंध आहे.

ग्रामसभेत विषय निघाला की वाचनालयाची खोली काढून घ्यायची आणि गाळा म्हणून भाड्यानं द्यायची. म्हणे, "आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, तिथं जातंय कोण?" बऱ्याच जणांनी माना हलवल्या. मी उठलो, पण मला भाषणाची सवय नाही. नीट सांगता आलं नाही म्हणून इथं लिहितोय.

मी दहावी पास. पुढचं जे काय शिकलो ते त्या खोलीत. काही वर्षांपूर्वी माझा एकरभर ऊस हुमणीनं खाल्ला. पानं पिवळी, बेट हातानं ओढलं की अलगद वर यायचं, खाली मुळ्याच नाहीत. दुकानदारानं सांगितलेली औषधं दोनदा आळवणीतून दिली. पैसे गेले, ऊसही गेला.

नंतर एकदा पावसामुळं शेतात जाता येईना, म्हणून वाचनालयात बसलो. कृषी खात्याच्या 'शेतकरी' मासिकाचा जुना अंक चाळताना हुमणीवरचा लेख सापडला. वर्षाला एकच पिढी. पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला भुंगेरे बाहेर पडतात, कडुलिंब-बाभळीवर पाला खायला जमतात, तिथंच नर-मादी एकत्र येतात. मग एकेक मादी जमिनीत 50-60 अंडी घालते. मी औषध ओतत होतो सप्टेंबरात, अळ्या बोटाएवढ्या झाल्यावर. मारायची वेळ होती जूनमध्ये, झाडावर.

हे मोबाईलवरही मिळतं, मान्य. पण लेखात पुढं असंही होतं, की एकट्यानं करून भागत नाही, भुंगेरे शेजारच्या रानातून उडून येतात. आमच्या ग्रंथपालानं तो अंक तेच पान उघडून टेबलावर ठेवला, आठवडाभर. पेपर वाचायला येणारा प्रत्येक जण ते वाचून गेला. वादही झाले. एकजण म्हणाला, असं झाडं हलवून कुठं कीड जाते होय! पण पुढच्या जूनला आम्ही दहा-बारा जण बॅटऱ्या आणि बादल्या घेऊन बांधावर होतो. मोबाईलवर मला एक औषध दाखवतात, शेजाऱ्याला दुसरंच. टेबलावरचं पान सगळ्यांनी तेच वाचलेलं होतं.

आणि जातंय कोण म्हणता? भरतीचा अभ्यास करणारी पोरं जातात. पोरी जातात, कारण घरी पुस्तक उघडलं की कुणीतरी पाणी मागतं, नाहीतर भाकरी टाकायला बोलावतं. आमच्या सूनबाई दर आठवड्याला कादंबरी बदलून आणतात. ही माणसं ग्रामसभेत बोलत नाहीत एवढंच.

दोष आहेतच. वाचनालय उघडं असतं दिवसा, आम्ही असतो रानात. दिवेलागणीला दोन तास उघडलं तर शेतकरी येईल. पुस्तकांत कादंबऱ्या-चरित्रं भरपूर, माती-पाण्यावरची चार. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानं अ, ब, क, ड असे वर्ग पाडून अनुदान मिळतं. आमचं 'ड' वर्गाचं. ग्रंथपालाच्या हातात त्यातून जे पडतं ते सांगायची लाज वाटते, आमचा मजूर त्यापेक्षा जास्त घेतो. पण खोलीच गेली तर अनुदान तरी कशावर मागणार? गाळ्याचं भाडं किती येईल ते मांडा, आणि हुमणीनं गेलेल्या एका एकराचा हिशेबही शेजारी मांडा.

पेजवर कृषी सहायक आहेत, विद्यापीठातली मंडळी आहेत. तुमच्याकडचे जुने अंक, राहुरीच्या 'कृषिदर्शनी' रद्दीत घालू नका. जवळच्या गावच्या वाचनालयात नेऊन द्या. जुनं असलं तरी चालतं, हुमणीनं काही आपली सवय बदललेली नाही.

आमच्या गावच्यांसाठी: आज साडेसातला ओढ्याकडच्या कडुलिंबांपाशी जमायचं. बॅटरी, काठी, जुनं धोतर किंवा ताडपत्री आणि बादली आणा. खाली पडलेले भुंगेरे लगेच पाण्यात टाकायचे. रॉकेल आता मिळत नाही, मी पाण्यात टाकायला थोडं डिझेल आणतो. पुढची ग्रामसभा कधी आहे तेही तिथंच सांगतो.