वाट पाहण्याचा हिशेब

पंजाबातल्या एका खेड्यातली बालो नवऱ्याचं जेवण घेऊन रोज हमरस्त्यावरच्या थांब्यावर येते. नवरा, सुच्चासिंग, बसचालक. एके दिवशी तिला उशीर होतो, रोटी त्याच्या हाती पडत नाही आणि ती रात्रीपर्यंत तिथेच थांबून राहते. मणी कौल यांच्या ‘उसकी रोटी’ची (1969) गोष्ट एवढीच.

मोहन राकेश यांच्या कथेवरचा हा चित्रपट आला तेव्हा लोकप्रिय वृत्तपत्रांनी त्याला झोडपून काढलं. कथानक नाही, अभिनय नाही, काही घडतच नाही. दुसरीकडे त्याला फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार मिळाला. तेव्हापासून असा कुठलाही चित्रपट आला की हेच दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘कंटाळलो’. दुसरा म्हणतो, ‘तुम्हाला कळला नाही’. दोघेही पडद्यावर काय आहे ते सांगायचं टाळतात, आणि माझी तक्रार दोघांविरुद्ध आहे.

कंटाळा आला तर परीक्षकानं तो जरूर नोंदवावा. पण परीक्षण तिथे थांबता कामा नये; तो कंटाळा कशातून आला, हे शोधायला तिथून सुरुवात व्हायला हवी. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या पैशावर त्याच सुमारास ‘भुवन शोम’, ‘सारा आकाश’ आणि ‘उसकी रोटी’ असे तीन चित्रपट झाले. तिन्हींचे छायाचित्रकार के. के. महाजन. ‘भुवन शोम’ खेळकर आणि चपळ, ‘उसकी रोटी’ जवळपास निश्चल. कॅमेऱ्यामागचा माणूस तोच, म्हणजे ही गती अंगात कसब नसल्यामुळे आलेली नव्हती, ती जाणीवपूर्वक निवडलेली होती.

निवडली कशासाठी? कौल यांनी मुख्यतः दोन भिंगं वापरली, 28 मिमीचं वाइड अँगल आणि 135 मिमीचं टेलिफोटो. एक प्रत्यक्षासाठी, दुसरं बालोच्या मनातल्या जगासाठी. पुढे त्यांनी दोन्हींची सरमिसळ केली. बस खरंच आली की तिला तसं वाटलं, हे आपल्यालाही कळेनासं होतं. दिवसभर वाट पाहणाऱ्याच्या मनाची अवस्था हीच असते, आणि ती घाईघाईनं दाखवता येत नाही. बालोचं थांबणं दोन मिनिटांत आटोपलं असतं तर आपण तिची कीव करून मोकळे झालो असतो. धाकट्या बहिणीवर गावातल्या पुरुषाची वाईट नजर आहे, त्यातूनच हा उशीर झाला आहे, आणि तरी रागावण्याचा हक्क नवऱ्याचाच. अशा बाईचा वेळ घरात कुणीच मोजत नाही. कौल तो आपल्याला मोजायला लावतात.

याचा अर्थ प्रत्येक संथ चित्रपट थोर, असा मुळीच नाही. सांगण्यासारखं काही नाही म्हणून कॅमेरा रोवून ठेवलेले चित्रपटही महोत्सवांत दिसतात, आणि ते पोकळ आहेत असं स्पष्ट लिहायला हवं. सत्यजित राय यांनी कौल यांच्याच ‘दुविधा’वर कठोर टीका केली, ती ‘अवर फिल्म्स, देअर फिल्म्स’मध्ये वाचता येते. मला ती पटत नाही, पण ती वाचताना चित्रपट पुन्हा पाहावासा वाटतो. मराठीत अरुण खोपकरांनी ‘गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका’ या पुस्तकात प्रकाश, हालचाल, चौकट यांचा बारकाईनं विचार केला. कौल यांच्या ‘आषाढ का एक दिन’मध्ये कालिदास साकारणारे खोपकर हेच. समीक्षा कशी असते हे आपल्या भाषेला ठाऊक आहे, तरी आपण तारे वाटून मोकळे होतो.

अशा चित्रपटांना मुळातच पडदे कमी मिळतात. ‘उसकी रोटी’सुद्धा नेहमीच्या थिएटरांत फारसा पोचला नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्यातल्या चार ओळींना भलतंच वजन येतं. त्या वाचून प्रेक्षक घरी राहिला तर चित्रपटाला दुसरी संधी नसते. म्हणून परीक्षकाकडून आपण एवढं तरी मागून घ्यावं: दिग्दर्शकानं आमचे दोन तास घेतले, ते कशावर खर्च केले ते आधी सांगा. ते वाया गेले की नाही, हे आम्ही थिएटरात बसून ठरवू.