परमुलुखातील शस्त्रक्रिया आणि गावचा डॉक्टर

इ. स. १८०९ च्या डिसेंबरात, अमेरिकेतील केंटकी प्रांतात, जेन टॉड क्रॉफर्ड ही स्त्री, जिला तिच्या गावचे डॉक्टर दिवस उलटून गेलेली गर्भवती समजत होते, अंडाशयाची प्रचंड गाठ पोटात घेऊन घोड्यावरून सुमारे ६० मैल प्रवास करून डॅनव्हिलला पोहोचली, आणि भुलीचे औषध ठाऊक नसलेल्या त्या काळी एफ्राइम मॅकडॉवेल यांनी सुमारे २५ मिनिटांत ती साडेबावीस पौंडांची गाठ काढली, ही हकीकत आपल्या शाखेत सर्वश्रुत आहे. कौतुक होते ते शस्त्रक्रियेचे. आम्हांस मात्र तिच्या आधीचा आणि नंतरचा भाग अधिक मोलाचा वाटतो. मॅकडॉवेल प्रथम स्वतः रुग्णेच्या घरी गेले, तिला तपासून निदान बदलले, अशी शस्त्रक्रिया पूर्वी यशस्वी झालेली नाही हे तिला स्पष्ट सांगितले, आणि मगच डॅनव्हिलला येण्याची अट घातली. शस्त्रक्रियेनंतर सुमारे २५ दिवस ती तेथेच राहिली, व पुढे ३२ वर्षे जगली.

दुर्ग-भिलाईलगतच्या उतईत बसून हे लिहिताना त्या प्रवासाचे स्मरण होण्यास कारण आहे. येथे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र, शेजारी भिलाईचा पोलाद कारखाना. बदली आणि परगाव येथील कुटुंबांस नवे नाहीत. १९५६ पर्यंत नागपूर हीच या प्रांताची राजधानी असल्यामुळे मोठ्या दुखण्यासाठी नागपूरची गाडी धरणे मराठी घरांतून स्वाभाविक मानले गेले. आता रायपूरला एम्स आहे, आणि मुलगी-जावई परदेशी असले की तेथील इस्पितळाचाही विचार होतो, किंवा उलट तीच मुलगी शस्त्रक्रियेसाठी रजा काढून माहेरी येते.

या येण्याजाण्यास आमचा विरोध नाही. पण रवानगीपूर्वीचा पहिला प्रश्न, प्रवासाची गरज आहे काय, हा गावच्या डॉक्टरानेच सोडवावयाचा आहे. पाळी चालू असलेल्या स्त्रीची पातळ भिंतीची, स्वच्छ द्रवाची, ५ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ बहुधा तीन पाळ्यांच्या आत आपोआप विरते. तिच्यासाठी विमानाचे तिकीट काढू देणे हा आपल्या मौनाचा दोष होय. अनावश्यक शस्त्रक्रियांची किंमत बायकांनी कशी मोजली, हे छत्तीसगडने विनाकारण गर्भाशये काढल्याच्या २०१२ च्या प्रकरणात पाहिले आहे. याउलट पाळी गेलेल्या स्त्रीत सोनोग्राफीचे गुण, रजोनिवृत्तीचे गुण आणि सीए-१२५ यांचा गुणाकार २०० वर गेला, तर तिला स्वस्त पॅकेजकडे नव्हे, कर्करोग-शस्त्रक्रियेत मुरलेल्या तज्ज्ञाकडे धाडावयास हवे. कारण अंडाशयापुरता मर्यादित कर्करोग असताना शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ फुटून द्रव पोटात सांडला की पहिल्याच टप्प्यातील रोगाचा उपटप्पा वर सरकतो, आणि ती चूक दुसऱ्या देशातील कोणत्याही कौशल्याने मागे घेता येत नाही. मोठ्या डर्मॉइड गाठीमुळे अंडाशयाला पीळ बसला तर अंडाशय वाचविण्यास तासांचीच मुदत असते. म्हणून एकाएकी एका बाजूला तीव्र कळ येऊन उलट्या सुरू झाल्या तर वाटेत उतरून जवळचे इस्पितळ गाठावे, हे निघण्यापूर्वीच रुग्णेला आणि सोबतच्या माणसाला सांगितलेले असावे.

परतीच्या अंगाकडे तर आपले दुर्लक्ष अक्षम्य आहे. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेची रुग्णा दोनतीन दिवसांत प्रवासास निघते आणि बायॉप्सीचा अहवाल मागाहून येतो. तो परक्या भाषेतील ईमेल तिच्या मुलाच्या फोनमध्ये पडून राहतो. डिस्चार्ज कार्डावर केवळ ‘गाठ काढली’ असा मजकूर असतो: अंडाशय राखले की काढले, गाठ अखंड निघाली की फुटली, दुसरे अंडाशय कसे दिसले, याचा तपशील नाही. पोटरी सुजली, श्वास लागला, ताप चढला, तर दार वाजते ते गावच्या डॉक्टराचे, आणि त्याच्या हाती दस्तऐवज नसतो.

म्हणून आमची सूचना अशी की, रुग्णा येथून निघतेवेळी सोनोग्राफीच्या मूळ प्रतिमा, सीए-१२५ चा आकडा आणि पुढील गर्भधारणेबद्दल तिची इच्छा नमूद केलेले पत्र तिच्याजवळ असावे. परततेवेळी शस्त्रक्रियेचे टिपण व बायॉप्सीच्या काचपट्ट्या मागून आणाव्यात, असे त्याच पत्रात लिहावे, आणि अहवाल ज्याच्या नावे यावयाचा त्या गावच्या डॉक्टराचे नाव व दूरध्वनी क्रमांक पत्राच्या शिरोभागीच असावा.