टोपी, खंजीर आणि फोटो

कंपनीच्या लोगोवरून तासन्‌तास मीटिंगा झोडणाऱ्या मंडळींनी ब्रूटसचं सोन्याचं नाणं एकदा बघाच. वजन जेमतेम आठ ग्रॅम, पण मेसेज एकदम क्लिअर! मागच्या बाजूला दोन खंजीर, मधोमध एक टोपी आणि खाली तारीख : १५ मार्च. इसवी सनपूर्व ४४ मध्ये याच दिवशी ब्रूटस आणि कंपनीने ज्युलियस सीझरला संपवलं. आणि टोपी? रोममध्ये गुलामगिरीतून सुटलेला माणूस ती घालायचा. थोडक्यात, आम्ही खंजीर चालवले म्हणून तुम्ही सुटलात!

इ.स.पू. ४२ मध्ये, सैन्य घेऊन फिरत असताना ब्रूटसने हे नाणं पाडलं. चांदीत बरंच, सोन्यात अगदी मोजकं. सैनिकाच्या हातात पैसे पडले, की लढायचं कशासाठी हेही कळणार. पगारासोबत मिशन स्टेटमेंट फ्री!

आता नाणं उलटा. पुढे कोण? खुद्द ब्रूटस! गंमत बघा, हयात असताना रोमच्या नाण्यावर झळकलेला पहिला रोमन माणूस म्हणजे सीझर. तेही खुनाच्या जेमतेम दोन-तीन महिने आधी. याला राजा व्हायचंय, हा संशय त्याने आणखी बळावला. आणि दोनच वर्षांत ब्रूटसने तेच केलं. मला तर त्या दोन खंजिरांपेक्षा हा चेहराच जास्त टोचतो.

त्याच वर्षी फिलिपीच्या लढाईत हरल्यावर ब्रूटसने आत्महत्या केली. पुढे रोमला सम्राट मिळाला आणि नाण्यांवर सम्राटांचे चेहरे कायमचे बसले.

तेव्हा कुणी स्वातंत्र्याची टोपी दाखवली, की मी आधी नाणं उलटून बघते. फोटो कुणाचा आहे?