होडीच्या इंजिनात कुठलं तेल? डबा उलटा करून वाचा!

इंजिन ऑइल या विषयावर मत नसलेला माणूस आपल्याकडे शोधूनही सापडायचा नाही. प्रत्येकाचा एक लाडका ब्रँड असतो आणि तो बहुतेक वेळा वडिलांच्या स्कूटरपासून चालत आलेला असतो. रस्त्यावर ते खपून जातं. पण हल्ली आयटीतल्या दर दुसऱ्या माणसाला कोकणात होमस्टे काढायचाय, आणि होमस्टे म्हटला की पाहुण्यांना खाडीत फिरवायला छोटी होडी आणि तिच्या मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन आलंच. तिथे हा ब्रँडचा हट्ट महागात पडतो. माझं मत सरळ आहे: आधी स्टँडर्ड बघा, मग ब्रँड, आणि किंमत सगळ्यात शेवटी.

पहिला प्रश्न, इंजिन टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबरच आत जातं आणि जळतं. मग पंपावर मिळणारं स्कूटरचं टू-टी का नको? कारण स्कूटरचं इंजिन हवेवर थंड होतं, म्हणजे चांगलंच तापतं. त्याच्या तेलातली साफसफाईची रसायनं धातूयुक्त असतात आणि जळल्यावर राख सोडतात. आउटबोर्ड मात्र खाडीचं पाणी खेचून स्वतःला थंड ठेवतं. या कमी तापमानाला ती राख प्लगवर, पिस्टनवर आणि रिंगांच्या खाचांत साचत जाते. म्हणून बोटीसाठी राख न सोडणारं वेगळं तेल असतं आणि त्याच्या डब्यावर 'टीसी-डब्ल्यू३' असं लिहिलेलं असतं. हे प्रमाणपत्र अमेरिकेतली एनएमएमए ही बोट-उद्योगाची संघटना देते. ही अक्षरं नसतील तर डबा परत ठेवा, वरचं चित्र कितीही निळंशार असो.

प्रमाण बऱ्याच इंजिनांना ५०:१ असतं, म्हणजे लिटरला २० मिली. काहींना १००:१ चालतं, नव्या इंजिनाला पहिले काही तास २५:१ लागू शकतं. मॅन्युअल सांगेल ते खरं. "थोडं जास्त घातलं तर काय बिघडलं?" बिघडतं! तेल वाढलं की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी होतं, धूर वाढतो, प्लग काळा पडतो. कमी घातलं तर इंजिन थेट जाम. वरण फोडणीला घालताना अंदाज ठीक आहे, इथे मापाचा ग्लास घ्या.

फोर-स्ट्रोक असेल तर शोधायची अक्षरं 'एफसी-डब्ल्यू'. ग्रेड बहुधा १०डब्ल्यू-३० किंवा तत्सम. "पण गाडीचं उरलेलं सिंथेटिक आहे ना घरी..." असू दे. गाडी सपाट रस्त्यावर आपल्या ताकदीचा थोडाच भाग वापरते. होडीचं इंजिन पूर्ण वेळ पाणी रेटत असतं, म्हणजे गाडी दिवसभर दुसऱ्या गिअरमध्ये कशेडी घाट चढतेय असं समजा. वर खारी हवा आणि पावसाळाभर बंद पडून राहणं. एफसी-डब्ल्यूच्या चाचण्यांत गंज रोखणं आणि तेलाचा दाटपणा टिकणं हे मुद्दाम तपासतात.

तिसरं तेल सगळे विसरतात: खाली पंख्याजवळचं गिअर ऑइल. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच घाला, आणि खालच्या भोकातून वर भरा म्हणजे आत हवा अडकत नाही. काढलेलं तेल चहासारखं दुधाळ दिसलं तर सीलमधून पाणी शिरतंय. अशा वेळी नुसतं तेल बदलून भागत नाही, सील बदलावं लागतं.

आणि पेट्रोलचं काय? २०२५पासून आपल्या पंपांवर सर्रास २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. बहुतेक आउटबोर्डची मॅन्युअलं १० टक्क्यांपर्यंतच मुभा देतात. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की दोघं मिळून टाकीच्या तळाशी बसतात आणि तेल वर पेट्रोलबरोबर राहतं. इंजिन खेचतं तळाचं, म्हणजे तेलाविना! म्हणून आपल्या इंजिनाला काय चालतं ते डीलरकडून आधी विचारून घ्या, मिश्रण लागेल तेवढंच करा, महिनोन्महिने साठवू नका.

आता नेहमीचा आक्षेप: "गावातले दादा वीस वर्षं स्कूटरचंच तेल घालतायत, काही झालं नाही." बरोबर आहे. पण दादा स्वतः प्लग काढून घासतात, हलत्या होडीत कार्बोरेटर उघडतात, होडीत वल्ही ठेवतात आणि ओहोटी कधी लागणार हे त्यांना घड्याळ न बघता कळतं. तुमच्याकडे यातलं काय आहे? तुमच्या होडीत लाइफ जॅकेट घातलेली दोन पोरं आणि त्यांची आजी असणार. खाडीच्या मुखाशी ओहोटीत इंजिन बंद पडलं तर होडी समुद्राकडे जाते, आणि तिथे टोइंग व्हॅन येत नाही. अनुभव नसेल तर निदान स्टँडर्ड तरी पाळावं.

कंपनीचंच महागडं तेल घ्या असं मी म्हणत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस जुळला पाहिजे, इम्प्लिमेंटेशन कुणाचंही असो :-) तेव्हा पेट्रोलच्या कॅनवरच मार्करने तेलाचं स्टँडर्ड आणि प्रमाण ठळक लिहून टाका. रविवारी सकाळी घाईत होडी काढणारा माणूस मॅन्युअल उघडत नाही, कॅन मात्र उचलतोच.