ओल रंगाने झाकू नका

सोलापूरसारख्या कोरड्या गावात ओल कुठली, असे आम्हाला वाटायचे. पण इथे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो आणि दगड-मातीच्या जुन्या भिंती पाणी धरून ठेवतात. आम्ही ओलीवर सिमेंटचा गिलावा करून ऑइलपेंट लावला. दोन वर्षांत रंगाला फुगे आले, ताकातल्या जुजदानावर बुरशी चढली. अम्मींची रात्रीची धाप वाढली, तेव्हा डोळे उघडले.

भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवला. दुसऱ्या दिवशी थेंब भिंतीकडच्या बाजूला होते, म्हणजे ओल भिंतीतली. खोलीकडे असते, तर दोष कोंडलेल्या हवेचा. भिंतीपलीकडे आमची वुजूची जागा. पाणी पायात मुरत होते.

आधी उतार देऊन ते नालीत सोडले. सिमेंट खरवडून भिंत उन्हाळाभर सुकू दिली, मग चुन्याचा गिलावा केला. चुना आतली वाफ बाहेर जाऊ देतो. बुरशी कधी कोरडी झाडू नका. नाकातोंडावर कापड बांधून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा.

अम्मी आता पुन्हा त्याच खोलीत झोपतात. तुमच्या घरी वुजूचे पाणी कुठे जाते, हे आज एकदा बघाच.